खाऱ्या पाण्यातला नवा मासा घरी आणताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यातल्या फ्लॅटमध्ये मी बरीच वर्षं खाऱ्या पाण्याचा टँक सांभाळते आहे. ओळखीतलं कुणी नवा मासा आणायला निघालं की फोन येतो, आणि प्रश्न थोड्याफार फरकानं हेच असतात. गप्पी, मॉली किंवा गोल्डफिश पाळलेल्या माणसाला पिशवी पाण्यावर तरंगवायची आणि मासा सोडून द्यायचा एवढंच ठाऊक असतं, आणि गोड्या पाण्यात ते बऱ्याचदा निभावूनही जातं. समुद्रातल्या माशाचं तसं होत नाही. खालची उत्तरं मुख्यतः क्लाऊनफिश डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत. दुसऱ्या माशांचं वेगळं असेल तिथं तसं सांगितलं आहे.

टँक भरून आठवडा झाला, पाणी काचेसारखं स्वच्छ आहे. मासा आणू का?

नका आणू. पाणी स्वच्छ दिसतं म्हणजे त्यात अमोनिया पचवणारे जिवाणू तयार झाले असं होत नाही. माशाच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया सतत बाहेर पडत असतो. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे त्या नायट्राइटचं नायट्रेट. ही साखळी दगडांवर आणि फिल्टरमध्ये बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात.

आपली साखळी बसली की नाही हे टेस्ट किटवरच कळतं. मासे नसलेल्या टँकमध्ये बाटलीतला अमोनिया २ पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत दोन भाग) घाला आणि चोवीस तासांनी मोजा. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले असतील तर टँक तयार आहे. ही साखळी बसवण्यासाठी स्वस्तातले डॅमसेल मासे टाकायची जुनी पद्धत अजून काही दुकानदार सांगतात. त्यात मासा अमोनियानं हकनाक जळतो. आणि जगलाच, तर तो टँकचा मालक होऊन बसतो. नंतर आलेल्या प्रत्येकाला चावतो आणि दगड उपसल्याशिवाय हाती लागत नाही.

पाणी नळाचं चालेल का? घरी आरओ आहे. शिवाय समुद्र तर जवळच आहे.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. टँकरच्या किंवा बोअरच्या पाण्यात आणखी काय काय असेल ते सांगता येत नाही. स्वयंपाकघरातल्या आरओवर भिस्त ठेवण्याआधी टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) लावून बघा. पिण्याच्या पाण्याला चव यावी म्हणून या मशीनमध्ये थोडं कच्चं पाणी परत मिसळलेलं असतं किंवा खनिजांची नळकांडी बसवलेली असते. त्यामुळे आकडा ५० ते १०० दिसतो. आपल्याला शून्य किंवा शून्याच्या जवळ हवा. त्यासाठी आरओच्या पुढं डीआय रेझिनची (उरलेसुरले क्षार शोषून घेणाऱ्या दाण्यांची) नळी जोडावी लागते.

समुद्राचं पाणी मुंबई-ठाण्याच्या किनाऱ्यावरून आणू नका. सांडपाणी आणि तेल तर आहेच, पण पावसाळ्यात नद्या-खाड्यांच्या पाण्यानं त्याचा खारटपणाही बराच खाली येतो. जेवणातलं मीठ चालत नाही, कारण समुद्राच्या पाण्यात मिठाशिवाय मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि पीएच (पाणी किती आम्ल वा अल्कली आहे तो आकडा) धरून ठेवणारे क्षारही असतात. टँकसाठी बनवलेलं मरीन सॉल्टच घ्या. लिटरला साधारण ३५ ते ४० ग्रॅम लागतं. नेमका आकडा पाकिटावर असतो. पंप लावून रात्रभर फिरू द्या, मगच मोजा.

पहिला मासा कोणता घ्यावा?

ऑसेलारिस क्लाऊनफिश, आणि शक्यतो हॅचरीत जन्मलेला. समुद्रातून पकडलेल्या माशाच्या मागं जाळं, साठवणूक, विमान, घाऊक व्यापारी, दुकान असा सगळा प्रवास असतो. फिलिपिन्स-इंडोनेशियाच्या काही भागांत मासे गुंगवण्यासाठी सायनाइड फवारलं जात आलं आहे. तसा मासा दुकानात तजेलदार दिसतो, खातोही, आणि काही आठवड्यांत कारण न कळता जातो.

हॅचरीतला मासा काचेच्या टाकीतच वाढलेला असतो, त्याला पेलेट (कोरडे दाणे) खायची सवय असते आणि अंगावर परजीवी कमी असतात. हे मासे आता आपल्याकडेही तयार होतात. केरळात विळिंजम इथं केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं क्लाऊनफिशच्या पैदाशीचं तंत्र बसवलं, आणि नवी मुंबईत ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातही हॅचरी उभी राहिली आहे.

जोडी हवी असेल तर दोन लहान पिल्लं एकदम घ्या. क्लाऊनफिश सगळे आधी नर असतात. दोघांतला वरचढ पुढं मादी होतो, त्यामुळे नर-मादी शोधत बसायची गरज नाही. क्लाऊनफिश समुद्रात ज्याच्या आसऱ्यानं राहतो तो अ‍ॅनिमोनही लागत नाही. तो वर्षभर मुरलेल्या टँकमध्येच टिकतो.

निळा सर्जनफिश मात्र तीन फुटी टँकसाठी मागू नका. तो ३० सेंटिमीटरपर्यंत वाढतो. मँडरिन माशाचं खाणं म्हणजे दगडांवरचे कोपेपॉड नावाचे बारीक जीव; नव्या टँकमध्ये ते नसतात आणि तो हळूहळू उपाशी मरतो.

दुकानात मासा निवडताना काय बघायचं?

पाच-दहा मिनिटं काहीही न बोलता टाकीसमोर उभे राहा. कल्ल्यांची झाकणं किती भराभर हलतायत ते बघा. एकच बाजू हलत असेल तर सोडून द्या. पोट आत गेलेलं नको. डोक्यामागची पाठ समोरून पाहिल्यावर चिमटलेली दिसत असेल तर तो मासा बरेच दिवस उपाशी आहे. पांढरे ठिपके, धुळीसारखी पिवळट झाक, अंगावर साय धरल्यासारखा चिकट थर, अंग दगडावर घासणं, पंपाच्या धारेसमोर तोंड करून नुसतं उभं राहणं, यातलं काहीही दिसलं तर त्या टाकीतला दुसरा निरोगी दिसणारा मासाही घेऊ नका. पाणी एकच आहे.

मग दुकानदाराला खायला घालायला सांगा. माशानं तुमच्या डोळ्यांदेखत खाल्लं पाहिजे. क्रॉफर्ड मार्केटमध्ये किंवा कुर्ल्याला रविवारच्या गर्दीत हे सांगायला संकोच वाटतो, तरी सांगा. आवडला तर पैसे देऊन ठेवा आणि आठवडाभरानं न्या. तोवर टिकला, खात राहिला, तर प्रवासही झेपेल. नेण्याच्या दिवशी मात्र त्याला उपाशी ठेवायला सांगा, म्हणजे पिशवीतलं पाणी कमी घाण होईल.

दुकानदाराला विचारायचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न कोणता?

“तुमच्या टाकीचा खारटपणा किती?” हाच. आपल्या टँकमध्ये पाण्याचं विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या आसपास, म्हणजे ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग क्षार) असतं. बरीच दुकानं १.०१८ ते १.०२० वर ठेवतात. मीठ वाचतं आणि परजीवींना कमी खारट पाणी मानवत नाही. यात लबाडी काही नाही, पण तुम्हाला ठाऊक असायला हवं. पाण्यात तांब्याचं औषध आहे का आणि मासा कधी आला, हेही त्याच ओघात विचारून घ्या. दोन दिवसांपूर्वी उतरलेला मासा लगेच परत पिशवीत घालणं त्याच्यावर अन्याय आहे.

खारटपणातला एवढासा फरक माशाला का सोसत नाही?

समुद्रातल्या माशाच्या रक्तात भोवतालच्या पाण्याच्या साधारण एक तृतीयांशच क्षार असतात. त्यामुळे त्याच्या अंगातलं पाणी सारखं बाहेर ओढलं जातं. ते भरून काढायला तो समुद्राचं पाणी पितो आणि जादा मीठ कल्ल्यांतल्या खास पेशींमधून बाहेर टाकतो. १.०१९ च्या पाण्यात या पेशींना काम कमी असतं. तिथून मासा उचलून थेट १.०२५ मध्ये टाकला तर त्या पेशी काम वाढवेपर्यंत त्याच्या अंगातलं पाणी जात राहतं. मासा पहिल्या संध्याकाळी ठीक दिसतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मरतो. लोक मग रोग शोधत बसतात.

उलट दिशेनं, जास्त खारट पाण्यातून कमी खारट पाण्यात जाणं त्याला बरंच सोपं जातं. म्हणून नियम असा ठेवा: खाली उतरवताना तासाभराचं काम, वर चढवताना दिवसांचं. दिवसाला ०.००१ ते ०.००२ पेक्षा जास्त चढवू नका.

खारटपणा मोजायला रिफ्रॅक्टोमीटर घ्या, आणि तो ३५ पीपीटीच्या तयार द्रावणानं जुळवून घ्या. नुसत्या आरओ पाण्यावर शून्य दाखवला म्हणजे वरचा आकडा बरोबर असेलच असं नाही. काट्याच्या हायड्रोमीटरला एक बुडबुडा चिकटला तरी आकडा फिरतो.

मुंबईहून मासा न्यायचा आहे. पिशवी कशी भरून घेऊ?

एका माशाला एक पिशवी, आणि ती दुहेरी. खाली एक तृतीयांश पाणी, वर दोन तृतीयांश ऑक्सिजन. खाऱ्या पाण्यात गोड्या पाण्यापेक्षा ऑक्सिजन जवळजवळ पाचव्या भागानं कमी विरघळतो, त्यामुळे पिशवी पाण्यानं गच्च भरून घेण्यात तोटाच आहे. अर्ध्या तासाच्या रस्त्याला साधी हवा चालेल. त्याहून लांब असेल तर ऑक्सिजनच भरून घ्या.

पिशवी वर्तमानपत्रात गुंडाळून थर्माकोलच्या खोक्यात ठेवा. अंधारात मासा शांत राहतो आणि ऑक्सिजन कमी वापरतो. स्कूटरच्या हँडलला पिशवी लटकवू नका. गाडीत एसीच्या झोतासमोर ठेवू नका. लोकलनं येणार असाल तर दुपारी गर्दी उतरल्यावर निघा. खोकं मांडीवर घेऊन बसता आलं पाहिजे. एप्रिल-मे महिन्यात सकाळची वेळ धरा. लांब जायचं असेल तर गार पाण्याची बाटली कागदात गुंडाळून खोक्याच्या कोपऱ्यात ठेवा, पिशवीला टेकवू नका.

प्रवास लांबला तर वाटेत पिशवी उघडून ताजी हवा द्यावी का?

अजिबात नाही. याचं कारण पुढच्या एका उत्तरात सविस्तर आहे. घरी पोहोचेपर्यंत गाठ सोडू नका.

घरी पोहोचल्यावर आधी काय करायचं?

खोलीतले आणि टँकचे दिवे मालवा. पिशवी बंदच ठेवून क्वारंटाइन टँकच्या (नवा मासा आधी काही आठवडे वेगळा ठेवायचा टँक) पाण्यावर पंधरा-वीस मिनिटं तरंगू द्या, म्हणजे दोन्हींचं तापमान जुळेल. टँक २५ ते २६ अंशांवर असावा. त्याआधी पिशवीचा बाहेरचा भाग नळाखाली धुऊन पुसून घ्या, कारण ती दुकानाच्या ओल्या फरशीवरून आलेली असते. रिफ्रॅक्टोमीटर, स्वच्छ बादली, नळी आणि टॉवेल आधीच हाताशी काढून ठेवा. मासा आल्यावर या वस्तू शोधायची वेळ येऊ नये.

पुढं काय करायचं ते मासा पिशवीत किती वेळ होता यावर ठरतं. दोन-तीन तासांच्या आत आला असेल तर थेंब पद्धत. रात्रभर किंवा त्याहून जास्त वेळ बंद असेल तर ती पद्धत वापरू नका.

थेंब पद्धत नेमकी कशी करायची?

पिशवीतलं पाणी माशासकट स्वच्छ बादलीत ओता. बादली फक्त टँकच्याच कामाची असावी, साबण कधी न लागलेली. मासा नीट बुडेल इतकी ती तिरकी करून टेकवा. एअर पंपाची बारीक नळी टँकमधून बादलीत सोडा आणि तिला सैल गाठ मारा. गाठ आवळली की थेंब कमी पडतात, सैल केली की वाढतात. सेकंदाला दोन ते चार थेंब ठेवा. बादलीतलं पाणी दुप्पट झालं की अर्धं काढून टाका आणि पुन्हा दुप्पट होऊ द्या. एकूण पाऊण तास पुरतो. खारटपणा मोजा, टँकशी जुळला असेल तर मासा उचला.

तासाच्या पुढं लांबवू नका. बादलीत हीटर नाही, फिल्टर नाही; पाणी गार होत जातं आणि अमोनिया साठत जातो. बादलीत एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) मंद सोडला तर बरं. वर जाळी किंवा टॉवेल टाका, कारण गोबी, फायरफिश आणि रास मासे सहज उडी मारून बाहेर पडतात.

खारटपणात १.०१९ आणि १.०२५ इतका फरक असेल तर पाऊण तासाची थेंब पद्धत तो फरक भरून काढत नाही. तिथं पुढच्या उत्तरातली रीत वापरा.

मासा कुरियरनं, रात्रभर पिशवीत बंद राहून आलाय. आता?

या प्रश्नासाठीच मी हे सगळं लिहायला बसले. माझ्याकडे सुरुवातीच्या काळात बंगाई कार्डिनलची जोडी दक्षिणेतून खोक्यात आली होती. चोवीस तासांहून जास्त प्रवास झाला होता. पिशव्या उघडल्या तेव्हा दोघंही सरळ पोहत होते. मी वाचलं होतं की जितकं सावकाश तितकं चांगलं, म्हणून दोन तास थेंब थेंब पाणी सोडत बसले. तासाभरात त्यांचा श्वास वाढला, मग एक आडवा झाला, आणि रात्री दोघंही गेले. मी त्यांच्याशेजारी बसूनच होते. काय चुकतंय ते मला कळत नव्हतं.

झालं होतं ते असं. बंद पिशवीत माशाच्या श्वासाचा कार्बन डायऑक्साइड पाण्यात साठतो आणि पीएच उतरत जातो. त्याच वेळी अमोनियाही साठत असतो, पण पीएच कमी असल्यामुळे तो बहुतांशी अमोनियम या रूपात असतो, जे माशाला फारसं बाधत नाही. म्हणजे खराब झालेलं पाणीच माशाला सांभाळून घेत असतं. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पीएच वर चढतो, आणि साठलेल्या अमोनियमचं विषारी अमोनियात रूपांतर होऊ लागतं. थेंब थेंब पडणारं टँकचं पाणी पीएच आणखी चढवतं. कल्ले जळतात. वाटेत पिशवी उघडू नये ती याचसाठी.

म्हणून अशा माशासाठी तयारी आधी करायची. विकणाऱ्याला खारटपणा विचारा आणि क्वारंटाइन टँक त्याच आकड्यावर आणून ठेवा. पिशवी आली की बंदच तरंगवा, तापमान जुळू द्या. मग उघडा, दोन थेंब काढून खारटपणा पटकन बघा, जुळत असेल तर मासा लगेच उचलून टँकमध्ये सोडा. उघडण्यापासून सोडण्यापर्यंत पाच-दहा मिनिटांच्या आत व्हायला हवं.

आकडा जुळला नाही तर माशाला पाण्याशी जुळवत बसू नका, टँकच्या पाण्यालाच माशाशी जुळवा. ४० लिटरच्या क्वारंटाइन टँकमध्ये ३५ पीपीटी पाणी आहे आणि पिशवीत २८ निघालं, तर ८ लिटर काढून ८ लिटर आरओ पाणी घाला, झालं २८. त्यासाठी त्याच तापमानाचं आरओ पाणी बादलीत तयार असू द्या. मग पुढचे चार दिवस थोडं पाणी काढून खारट पाणी घालत, दिवसाला २ पीपीटीच्या आत राहून वर या.

पिशवीतलं पाणी टँकमध्ये ओतलं तर काय बिघडतं?

त्यात अमोनिया असतो, परजीवींची पिल्लं असू शकतात, आणि दुकानाच्या टाकीत तांबं असेल तर तेही असतं. तांब्यानं कोळंब्या, गोगलगायी आणि प्रवाळ मरतात. ते पाणी बेसिनमध्ये ओता.

मासा उचलायला जाळी वापरू की हात?

प्लास्टिकचा स्वच्छ डबा किंवा मोठी वाटी. जाळीत एंजल माशाच्या गालावरचा काटा अडकतो, सर्जनफिशचा शेपटीजवळचा पातीसारखा काटा अडकतो, आणि अंगावरचा बुळबुळीत थर खरवडला जातो. तो थर म्हणजे त्याचं संरक्षण आहे. लायनफिश असेल तर हात जवळही नेऊ नका, त्याच्या पाठीवरचे काटे विषारी असतात.

क्वारंटाइन खरंच लागतो का? घर लहान आहे.

लागतो. दोन बाय एक बाय एक फुटाचा काचेचा टँक ५५ लिटरच्या आसपास भरतो, आणि तो पलंगाखालून काढून फक्त मासा येणार असेल तेव्हा मांडता येतो. तळाला वाळू नको, दगड नको. हार्डवेअरच्या दुकानातले पीव्हीसीचे एल्बो आणि पाइपचे तुकडे लपायला पुरतात. हीटर, एअर पंप, स्पंज फिल्टर, वर झाकण. स्पंज मात्र महिनाभर आधी मुख्य टँकच्या सम्पमध्ये (फिल्टरच्या जोडटाकीत) टाकून ठेवा, म्हणजे त्यावर जिवाणू बसलेले असतात. कोरा स्पंज लावून मासा सोडलात तर तिसऱ्या दिवशी अमोनिया चढलेला दिसेल. तरीही रोज मोजा आणि पाणी बदलायची तयारी ठेवा. वाळूत झोपणारे रास मासे असतील तर वाळू भरलेला एक बोल आत ठेवा. ते पहिले दोन-तीन दिवस वर येत नाहीत, घाबरू नका.

इतकं करायचं कारण क्रिप्टोकॅरिऑन, म्हणजे पांढरे ठिपके पाडणारा परजीवी. तो माशाच्या अंगावर तीन ते सात दिवस राहतो, मग गळून पडतो, तळाशी किंवा दगडावर कवच करून बसतो, आणि आत विभागून शेकडो पिल्लं सोडतो. ठिपके गेले की लोकांना वाटतं मासा बरा झाला. खरं तर तेव्हा ते गळून तळाशी गेलेले असतात. कवचातून पिल्लं बाहेर यायला कधी तीन दिवस लागतात, कधी दोन महिन्यांच्याही वर. हा परजीवी मुख्य टँकमध्ये शिरला तर सगळे मासे बाहेर काढून टँक ७६ दिवस माशांविना ठेवावा लागतो. व्हेल्व्हेट, म्हणजे अ‍ॅमिलूडिनियम हा दुसरा परजीवी, याहून वेगानं मारतो; कधी दोन-तीन दिवसांत सगळा टँक रिकामा होतो. एका बाजूला चार ते सहा आठवड्यांचा क्वारंटाइन, दुसऱ्या बाजूला हे.

क्वारंटाइनमध्ये औषध सरसकट घालावं का?

यावर जाणत्या लोकांतही दुमत आहे. माझं मत: हॅचरीतल्या, खाणाऱ्या, स्वच्छ अंगाच्या माशाला औषध देऊ नका, लक्ष ठेवा. समुद्रातून पकडलेल्या सर्जनफिश किंवा एंजलला तांबं देण्यात शहाणपण आहे, पण मासा खायला लागल्यावर आणि तांब्याचं टेस्ट किट घरात असेल तरच. तांबं कमी पडलं तर परजीवी मरत नाही, जास्त झालं तर मासा मरतो. मात्रा औषधाच्या प्रकारावर ठरते, ती बाटलीवरच बघा. मँडरिन आणि काही रास माशांना तांबं सोसत नाही.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: तांबं चालू असताना अमोनिया बांधून ठेवणारी औषधं घालू नका. त्यातली बरीचशी तांब्याला आणखी विषारी रूपात नेतात. अमोनिया दिसला तर पाणी बदला, आणि नव्या पाण्यातही तांबं त्याच प्रमाणात घाला.

मासा दोन दिवस काही खात नाही.

पहिल्या दिवशी घालूच नका. दुसऱ्या दिवशी अगदी थोडं. दोन-तीन दिवस न खाणं नवीन माशाला साहजिक आहे. गोठवलेले मायसिस आणि आर्टेमिया (कोळंबीसारखे बारीक जीव) बहुतेकांना आवडतात. बाजारातली ताजी कोळंबी सोलून, धुऊन, सुरीनं भुग्यासारखी बारीक केलेली चालते. जवळाही चालतो, पण ताजा, मीठ लावून सुकवलेला नाही. शेवाळ खाणाऱ्या सर्जनफिशला नोरीचा (वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा) कागद चिमट्यात लावून द्या, बिनमसाल्याचा.

कॉपरबँड बटरफ्लाय हा हट्टी मासा. त्याला मी तिसऱ्या, म्हणजे खायचे छोटे शिंपले, देते. कोळणीकडून जिवंत तिसऱ्या आणायच्या, सुरीनं उघडायच्या आणि अर्धा शिंपला तसाच तळाशी ठेवायचा. त्याची लांब चोच अशा फटीत खुपसायलाच घडलेली आहे. पेलेटकडे ढुंकून न पाहणारा मासा तिसरीचं मांस टोचून काढतो. उरलेलं दोन तासांत बाहेर काढा, नाहीतर पाणी नासतं.

तो कोपऱ्यात लपून बसलाय. कशाची काळजी करायची आणि कशाची नाही?

लपणं, रंग फिका पडणं, रात्री विचित्र तिरकं झोपणं, याची काळजी करू नका. क्लाऊनफिश तर हीटरला किंवा पंपाच्या कोपऱ्याला चिकटून झोपतात.

श्वासाची काळजी करा. सोडल्यावर काही तासांनीही तोंड उघडं ठेवून धापा टाकत असेल, पृष्ठभागाशी उभा असेल, तर आधी अमोनिया मोजा, मग एअर पंप वाढवा. अमोनिया शून्य असूनही श्वास उतरत नसेल तर व्हेल्व्हेट किंवा कल्ल्यांतले परजीवी असू शकतात. क्लाऊनफिशच्या अंगावर साय सुटू लागली तर तो ब्रूक्लिनेला हा परजीवी, आणि त्यात एका दिवसाचाही उशीर चालत नाही.

मुख्य टँकमधले जुने मासे नव्याला मारतात.

आधीच ठरवा कोण आधी येणार. सगळ्यात गरीब मासा पहिला, सगळ्यात भांडखोर शेवटचा. नव्याला छिद्रं असलेल्या पारदर्शक डब्यात घालून तो डबा टँकच्या आत दोन-तीन दिवस लावून ठेवा. जुने मासे काचेवर धडकतील, फुगतील, आणि मग कंटाळतील. सोडताना दिवे बंद ठेवा आणि त्याच वेळी एक-दोन दगड हलवा, म्हणजे जुन्यांच्या ठरलेल्या जागाही मोडतात. एका वेळी एक किंवा दोनच मासे वाढवा. जिवाणूंनाही नव्या भाराशी जुळायला वेळ लागतो.

उन्हाळा आणि वीज जाण्याचं काय?

बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात असलाच पाहिजे, टँक मोठा असो की लहान. उन्हाळ्यात पाण्यावर पंखा सोडला की दोन-तीन अंश उतरतात, पण पाणी उडून खारटपणा वाढतो. रोज आरओ पाण्यानं भरून काढा. विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात चिलर (टँकचं पाणी गार करणारं यंत्र) नसेल तर त्या काळात नवा मासा आणूच नका. जूनच्या पावसापर्यंत थांबा.

समुद्रघोडा हवा होता. किंवा मालवणला गेलो की तिथलाच एखादा छोटा मासा आणला तर?

समुद्रघोडे आणि प्रवाळ भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत. २००१ मध्ये त्यांना त्या कायद्याच्या सर्वांत वरच्या परिशिष्टात घातलं गेलं. कुणी विकत असेल तरी घेऊ नका. मालवणचा सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. तिथं मास्क लावून बघायला खूप आहे, पण पिशवीत घालून आणायचं काही नाही.

क्वारंटाइन संपला. आता मुख्य टँकमध्ये नेताना पुन्हा सगळं करायचं का?

शेवटच्या आठवड्यात क्वारंटाइनमधलं पाणी बदलताना मुख्य टँकचंच पाणी वापरा. तोवर खारटपणा, तापमान, पीएच सगळं एक झालेलं असतं. मग संध्याकाळी दिवे मालवून मासा डब्यात घ्यायचा आणि पाच मिनिटांत सोडायचा. डब्यातलं पाणी फेकून द्या. टँक रिकामा करून सगळं सामान धुवा आणि कडक उन्हात पूर्ण वाळवा. कोरडं झालं की परजीवी उरत नाही. स्पंजवर औषध गेलं असेल तर तो परत सम्पमध्ये टाकू नका.

मोठा झाला, किंवा जमलंच नाही, तर समुद्रात सोडून देऊ का?

नाही. तो इंडोनेशियातला असेल, इथला नसेल, आणि त्याच्या अंगावरचे रोग इथल्या माशांना नवे असतील. लायनफिश मूळचा हिंदी आणि प्रशांत महासागरातला. १९८५ मध्ये तो फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ दिसला आणि आज कॅरिबियन समुद्रभर पसरून तिथल्या लहान माशांचा फडशा पाडतो आहे. तिथं तो टँकमधूनच गेला असावा असं मानलं जातं. दुकानदाराला परत द्या किंवा मोठा टँक असलेल्या ओळखीच्या माणसाला द्या, आणि देताना तुमच्या पाण्याचा खारटपणा किती आहे ते पिशवीवर लिहून द्या.